दोर शाबूत असू द्या

"पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये मी नॉर्वेला जाऊन बर्फात तंबू ठोकून राहणार आहे," असे मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून जाहीर केले, तेव्हा आमच्या कंपूत ज्या प्रतिक्रिया उमटल्या त्या नमूद करण्याजोग्या आहेत. एकीने विचारले, "मार्चमध्ये कसला गं बर्फ?" दुसऱ्याने विचारले, "तंबूत बाथरूम असते का?" आणि मराठीच्या सरांनी चष्मा कपाळावर चढवून, फार दिवस जपून ठेवल्यासारखे एक वाक्य टाकले, "अगं, रत्नागिरीची माणसे आपण. जानेवारीत पारा अठरावर आला की कानटोप्या शोधतो. तू कुठे निघालीस?"

विनोद म्हणून हे ठीक आहे, पण प्रश्न खोटा नाही. ज्या मुलीने जन्मापासून घाम हाच ऋतू पाहिला, तिने उणे पंधरा अंशांत पाठीवर बिऱ्हाड घेऊन का जावे? याचे उत्तर मी या लेखात देणार नाही. 'का' या प्रश्नाला डोंगरात जाणाऱ्यांपैकी कोणीच आजवर धड उत्तर दिलेले नाही, आणि दिले तर ते सहसा पाठ केलेले असते. मला बोलायचे आहे ते 'कसे' याबद्दल; आणि त्याहीपेक्षा, योजना या शब्दाचा अर्थ काय याबद्दल. हे प्रवासवर्णन नव्हे. प्रवास अजून व्हायचा आहे, कदाचित होणारही नाही. परंतु त्या न झालेल्या प्रवासावरून माझे आणि माझ्या मामेभावाचे चार महिने भांडण चालले आहे, आणि ते भांडण आपल्या महाविद्यालयातल्या पुष्कळांच्या उपयोगाचे आहे असे मला वाटते.

मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, बर्गनला नोकरी करतो. 'पदवी पदरात पडली की तिकीट माझ्याकडून' असे मामाने दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या पानावर कबूल केले होते, आणि मामा पानावरचे शब्द पाळतो. दादाने मग उत्साहाने आखणी करून पाठवली. ती अशी : बर्गनहून ऑस्लोकडे जाणाऱ्या रेल्वेने फिन्से या स्थानकावर उतरायचे आणि तेथून दक्षिणेकडे हार्डांगरविड्डाचे पठार ओलांडून हाऊकेलिसेटरला पोहोचायचे. शंभराहून अधिक किलोमीटर. आठ दिवस, आठ मुक्काम. नवव्या दिवशी बस, दहाव्या दिवशी माझे परतीचे विमान.

ज्यांना नकाशाची आवड आहे त्यांनी हे पठार एकदा नकाशात पाहावे. उत्तर युरोपातले हे सर्वांत मोठे डोंगरी पठार. १९८१ पासून त्याचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. झाड नाही, आडोसा नाही. हिवाळ्यात तळी, ओढे, दगड सगळे एका पांढऱ्या चादरीखाली जाते आणि आभाळ उतरले की जमीन कुठे संपली ते कळत नाही. फिन्से हे त्या रेल्वेमार्गावरचे सर्वांत उंच स्थानक, १२२२ मीटरवर. म्हणजे उंचीने आपल्या राजगड-तोरण्याच्या आगेमागेच! पण राजगड साधारण अठराव्या अक्षांशावर आणि फिन्से साठाच्या पलीकडे. उंची तीच, दुनिया वेगळी. भूगोलाच्या तासाला अक्षांश म्हणजे आडव्या रेघा असे आपण घोकतो. त्या रेघांचा अर्थ मला ही योजना करताना समजला. फिन्सेला मोटारीचा रस्ता पोहोचत नाही. आगगाडी येते, माणसे उतरतात, आगगाडी जाते. १९१४ साली शॅकल्टनने अंटार्क्टिकाला जाण्यापूर्वी आपले सामान तपासून पाहायला हीच जागा निवडली होती, यावरून काय ते समजावे.

दादाच्या पत्रासोबत सामानाची यादी होती. एकसष्ट वस्तू, प्रत्येकीपुढे ग्रॅममध्ये वजन! मी सुरुवातीला त्या यादीच्या प्रेमातच पडले. खरे सांगायचे तर अशा यादीला एक नशा असते. यादी करताना आपण अर्धे तेथे पोहोचलेलेच असतो. आणि तिच्यातून मी पुष्कळ शिकलेही.

उदाहरणार्थ, पाणी. आपण सह्याद्रीत टाक्यातले पाणी भरतो, फडक्याने गाळतो, पितो. तिथे पाणी पायाखाली कोट्यवधी लिटर आहे, पण एक थेंब पिता येत नाही. ते वितळवावे लागते. एक किलो बर्फ नुसते वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापते! म्हणजे चहाचे आधण ठेवायच्या आधीच जवळजवळ एका आधणाचे इंधन संपलेले असते. बरे, भांड्यात नुसते बर्फ टाकून चालत नाही, तळाला घोटभर पाणी आधी ठेवावे लागते, नाहीतर भांडे करपते. (बर्फ करपतो, हे वाक्य मी आजीला सांगितले तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.) स्टोव्हचेही तसेच. आपल्या सहलींना नेतो ते गॅसचे छोटे डबे तिथे रुसतात, कारण त्यातला ब्युटेन शून्याच्या जरा खाली द्रवच राहतो, वायू व्हायला तयार होत नाही. म्हणून पंप मारायचा, द्रव इंधनाचा स्टोव्ह. आपल्या घरातून हद्दपार झालेल्या रॉकेलच्या स्टोव्हचा चुलतभाऊ. तोही बंद तंबूत पेटवायचा नाही. विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरतो. बूट उशाशी नव्हे, झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायचे. फोनही कुशीत, कारण थंडीत त्याची बॅटरी मरते. सुती कपडा अंगाला लागू द्यायचा नाही. सूत घाम पिऊन बसते आणि मग अंगातली ऊब पिते. लोकर मात्र ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. आमच्या शेजारच्या आजोबांची धनगरी घोंगडी भर पावसात त्यांना कशी पुरत असे, ते मला पहिल्यांदा कळले. आणि घाम! तिथे घाम हा शत्रू. चढ लागण्याआधी अंगावरचे काढायचे, थंडी वाजत असतानाच चालू लागायचे, घाम फुटेल असे चालायचे नाही. वाऱ्याचा हिशेब वेगळा. पारा उणे पंधरावर आणि वारा ताशी छत्तीस किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ती थंडी उणे सत्तावीससारखी लागते.

असे सगळे दादाच्या कागदांत होते. पण एकसष्ट वस्तू आणि आठ मुक्काम तिसऱ्यांदा वाचताना मला एक गोष्ट दिसली, किंवा दिसली नाही म्हणा. परत फिरण्याविषयी त्यात एक ओळ नव्हती. वादळ आले तर कोणत्या दिवशी, कुठून, कुठे वळायचे? एकाला बरे वाटेनासे झाले तर? आठ दिवसांचे आठ मुक्काम, नववा दिवस बसचा, दहावा विमानाचा. मध्ये एक दिवस मोकळा नाही. हवामानाने एक दिवस जरी तंबूत डांबले, तरी पुढचे सात दिवस घाईत आणि भीतीत चालावे लागणार. मी तसे लिहिले. दादाचे उत्तर आले : "आत्तापासून परत यायच्या गोष्टी कसल्या करतेस? मराठ्याची पोर ना तू?"

या वाक्याने मला बरेच दिवस सतावले. कारण ते गमतीत लिहिलेले असले तरी त्यात आपले अख्खे बालपण आहे. चौथीच्या पुस्तकातला सिंहगड कोण विसरेल? ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. तानाजी पडले, मावळे माघारी पळू लागले. सूर्याजीने कड्याचे दोर कापून टाकले आणि आता मरा किंवा लढा असे सांगितले, ही कथा. आम्ही ती नाटकात केली आहे. मी सूर्याजी झाले होते आणि सुंभाची दोरी खऱ्या विळीने कापली होती. टाळ्या पडल्या. तेव्हापासून माझ्या मनात, आणि मला वाटते आपल्या सर्वांच्याच मनात, शौर्य म्हणजे कापलेला दोर हे समीकरण पक्के बसले आहे.

पण इतिहासाच्या सरांच्या वर्गात बसल्यावर दुसरीही एक गोष्ट कळते. जो कोंढाणा १६७० मध्ये घेतला, तो पाच वर्षांपूर्वी, १६६५ च्या पुरंदरच्या तहात, महाराजांनी स्वतःच दिलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी एक होता. तेवीस किल्ले! देताना काय वाटले असेल? परंतु दिले, माणसे वाचवली, आणि वेळ आल्यावर परत घेतले. पन्हाळ्याहून विशाळगड, आग्ऱ्याहून राजगड. या साऱ्या माघारीच आहेत, आणि त्या नसत्या तर पुढचे काहीच झाले नसते. आपण नाटक मात्र दोर कापण्याचे करतो. तहाचे नाटक शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणी बसवल्याचे मी पाहिले नाही.

सूर्याजीसमोर शत्रू होता, मागे कडा होता, आणि किल्ला घेणे स्वराज्यासाठी गरजेचे होते. फिन्सेच्या पठारावर शत्रू कोण? किल्ला कोणता? तिथे आपण आपल्या हौसेने जाणार; दोर कापायचा तो कोणासाठी? आणि आजकाल दोर विळीने कापले जात नाहीत, म्हणून कापलेले कळतही नाहीत. पैसे परत न मिळणारे तिकीट हा कापलेला दोर. मोजून घेतलेली रजा हा कापलेला दोर. 'शिखरावरून फोटो टाकते' असे सगळ्यांना सांगून निघणे, हा तर सर्वांत जाड दोर, आणि तो आपण निघायच्या आधीच कापून ठेवतो.

गंमत अशी, की ज्या देशात जायचे तिथले लोक याबाबत आपल्याहून शहाणे आहेत, आणि ते शहाणपण त्यांना फुकट मिळालेले नाही. १९६७ च्या ईस्टरच्या सुटीत नॉर्वेच्या डोंगरांत अठरा माणसे दगावली. त्यानंतर तिथल्या गिरिभ्रमण संस्थेने आणि रेड क्रॉसने डोंगरात वागण्याचे नियम घरोघरी पोहोचवले. आज ते नऊ आहेत, २०१६ साली त्यांची भाषा नव्याने केली. आपल्याकडे पाढे पाठ असतात तसे तिथल्या मुलांना ते ठाऊक असतात असे दादाच सांगतो. पहिला नियम, बेत आखा आणि कुठे चाललात ते सांगून जा. आणि आठवा, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे, त्याचा भावार्थ असा : वेळेत माघारी वळा, वळण्यात लाज नाही. 'लाज' हा शब्द त्यांनी नियमात घातला आहे! म्हणजे माणसे थंडीने मरतात त्याआधी लाजेने मरतात, हे त्यांना कळले होते.

याच पठारावर १८९६ च्या जानेवारीत रोआल्ड आमुंडसेन आपल्या भावाबरोबर अडकला होता. वादळात वाट चुकली, अन्न गेले, आणि एका रात्री तो झोपला होता तिथे भोवतीचे बर्फ असे गोठले की सकाळी भावाला त्याला खणून काढावे लागले. पठार ओलांडणे त्याला जमले नाही. तो परत आला. १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पहिले पाऊल टाकणारा माणूस तो हाच. दादाला मी हे लिहून पाठवले. त्याने फक्त अंगठा दाखवला, वर केलेला. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून कळलेले नाही.

आता मला जे सांगायचे आहे ते सोपे नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही सात जण उत्तराखंडातल्या केदारकंठाला गेलो होतो. सांक्री गावातून चढायचे, साडेबारा हजार फुटांचे शिखर, हिवाळी चढाईसाठी सोपे म्हणून प्रसिद्ध. मी घट्ट बुटांत दोन-दोन सुती मोजे घातले होते, कारण जास्त मोजे म्हणजे जास्त ऊब हे माझे रत्नागिरीचे तर्कशास्त्र. शिखराच्या पहाटे तीनला निघालो. साडेचारच्या सुमारास उजव्या पायाची बोटे दुखायची थांबली. मला आनंद झाला! दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले, असे मी मानले. आमच्यासोबतचे वाटाडे दर थांब्यावर प्रत्येकाला विचारत, "ठीक हो?" मी दर वेळी म्हटले, "ठीक." तीनदा विचारले, तीनदा खोटे सांगितले, कारण तोवर मला शंका यायला लागली होती, आणि मी गटातली एकटी मुलगी होते. 'मुलगी होती म्हणून वळावे लागले' हे वाक्य परतीच्या गाडीत रत्नागिरीपर्यंत ऐकायची माझी तयारी नव्हती.

शिखर मिळाले. फोटो मिळाला, या अंकाच्या मागच्या वर्षीच्या मुखपृष्ठाच्या आत तो छापलाही होता. खाली आल्यावर मोजा काढला तेव्हा करंगळी मेणासारखी पांढरी होती, मग फोड आले, मग काळी पडली. हिमदंश. करंगळीचे टोक आणि नख गेले. आईला मी सांगितले की दारात सापडली.

एवढ्यावर संपले असते तर मी लिहिले नसते. आमच्यातला एक मुलगा त्याच पहाटे पाच वाजता थांबला होता. "मला पाय जाणवत नाहीत, मी वळतो," असे त्याने सरळ सांगितले आणि तो एका वाटाड्याबरोबर खाली गेला. त्याची दहाही बोटे आज शाबूत आहेत. आणि परतीच्या गाडीत आम्ही त्याचे नाव 'यू-टर्न' ठेवले. ते नाव मी ठेवले. माझे बूट आत ओले होते, बोटे सुजली होती, आणि मी सर्वांत मोठ्याने हसत होते. तो याच महाविद्यालयात आहे. त्यानंतर गिरिभ्रमण मंडळाच्या एकाही सहलीला तो आलेला नाही.

थंडीचे काम कसे चालते ते मी पुढे वाचले. शरीर हे काटकसरी गृहस्थासारखे आहे. ऊब कमी पडू लागली की आधी ते हातापायांच्या टोकांचा रक्तपुरवठा आवळते आणि हृदय-मेंदू सांभाळते. म्हणजे करंगळी ही आपल्या शरीराने स्वतःच दिलेला किल्ला आहे! पण थंडी आणखी आत शिरली की मेंदूही मंदावतो. जीभ अडखळते, पाय अडखळतात, आणि विचारही. गारठलेल्या माणसाला आपण गारठलो आहोत हे कळत नाही, तो म्हणतो, "ठीक." इथेच दादाशी माझा खरा वाद आहे. तो म्हणतो, "परत फिरायचे की नाही ते तिथे परिस्थिती पाहून ठरवू." मी म्हणते, तिथे ठरवणारा तू नसशीलच, तुझ्या जागी थंडीने अर्धवट झालेला कोणी असेल. म्हणून तो निर्णय बर्गनच्या गरम खोलीत, पोट भरलेले असताना, कागदावर करून ठेवायला हवा. एव्हरेस्टवर १९९६ च्या मे महिन्यातल्या वादळात आठ माणसे गेली. दुपारी दोन ही परतीची वेळ सर्वांना माहीत होती, आणि दोननंतरही माणसे वर चढत होती. २०२४ च्या जूनमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, उत्तराखंडच्या सहस्रतालच्या वाटेवर वादळात नऊ पदयात्री गारठून गेले. या माणसांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मी "ठीक" म्हणणारी आहे.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील माशांच्या शीतगृहात कामाला आहेत. त्यांच्या परवानगीने मी तिथे उणे अठरा अंशांत तालीम केली. बाहेर मे महिना, आत सुरमई आणि कोळंबीचे खोके, आणि मध्ये मी, दादाने पाठवलेली लोकर घालून. हातमोजे न काढता आगकाडी ओढून पाहिली, जमली नाही. तंबूच्या दोऱ्यांची गाठ मारून पाहिली; चौथ्या वेळी जमली. आईने केलेला डिंकाचा लाडू रात्रभर आत ठेवला होता; तो दगड झाला होता. (तिथे दिवसाला चार-साडेचार हजार उष्मांक लागतात आणि तूप, खोबरे, खारीक, डिंक यांच्याइतके थोड्या वजनात जास्त उष्मांक देणारे काही नाही. म्हणून लाडू सुपारीएवढे वळायचे आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे, असे ठरले.) वीस मिनिटे थांबायचे ठरवून गेले होते. बाराव्या मिनिटाला करंगळीचे उरलेले टोक दुखू लागले. चौदाव्याला दुखायचे थांबले. एकदा हिमदंश झालेला भाग पुन्हा लवकर गोठतो, हे पुस्तकात वाचले होते. मी दार ठोठावले. मैत्रिणीचे वडील म्हणाले, "अजून सहा मिनिटे आहेत की." मी म्हटले, "काका, मी वळले."

मग मी नवी योजना लिहिली. पठार ओलांडणे रद्द. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे दिवस सहा तासही पुरा नसतो, मार्चच्या मध्याला जवळपास बारा तासांचा होतो, म्हणून महिना तोच ठेवला. त्या सुमारास हिवाळी वाटांवर बर्फात फांद्या रोवून खुणा केलेल्या असतात. फिन्सेला मुक्काम, पहिली रात्र तिथल्या विश्रामगृहात, दुसरी तंबूत, पण विश्रामगृहाचे दिवे दिसतील अशा ठिकाणी. (१९५७ च्या कायद्याने तिथे कोणालाही मोकळ्या रानात तंबू ठोकता येतो, मात्र राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर. ही तरतूद मला फार आवडली.) सगळे ठीक असेल तर रेल्वेमार्गाच्या अंगाने हाउगास्टोलकडे, सत्तावीस किलोमीटर, तीन दिवसांत, पायात बर्फावर चालायचे रुंद जोडे. दोन्ही टोकांना आगगाडी. दोन दिवस मोकळे. रोज दुपारी एक वाजता, कुठेही असलो तरी, पुढे की मागे याचा निर्णय. वाऱ्याचा आणि हिमलोटाचा अंदाज ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर निघायचेच नाही, फिन्सेला बसून कॉफी प्यायची.

ही योजना मी प्रथम दादाला नव्हे, त्या मुलाला दाखवली. ग्रंथालयात त्याच्या समोर बसले, करंगळीची हकिकत सांगितली, गाडीतल्या त्या नावाबद्दल क्षमा मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग कागद ओढून घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाला, "एक वाजता तू म्हणालीस मागे आणि दादा म्हणाला पुढे, तर?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोघांच्या मताने ठरवायचे म्हटले की मोठ्याचे मत भारी पडते, आणि लहान पुन्हा "ठीक" म्हणते. म्हणून आता योजनेत एक कलम वाढले आहे : दोघांपैकी ज्याच्या तोंडून 'वळू' हा शब्द आधी निघेल, त्याचे ऐकायचे, कारण विचारायचे नाही.

"असे भीत भीत जायचे तर जायचेच कशाला?" असे काहीजण म्हणतील, आमच्या कंपूतही म्हणाले. त्यांना मी एवढेच विचारते, की दोर शाबूत असलेला माणूस कड्यावर जास्त वर चढतो की कमी? मला स्वतःला तर वळायची वेळ लिहून ठेवल्यापासून जायची हिंमत आली. त्याआधी मी आतून हा बेत मोडण्याची वाट पाहत होते.

आणि एक मागणी आपल्या गिरिभ्रमण मंडळाकडे. दर वर्षी स्नेहसंमेलनात शिखर गाठणाऱ्यांची नावे वाचली जातात आणि त्यांना प्रमाणपत्र मिळते. जे वळले त्यांची नावे वाचली जात नाहीत. मला मिळालेले प्रमाणपत्र मी मंडळाकडे परत करते आहे. त्याचे काय करायचे ते मंडळाने ठरवावे. सहलीच्या सूचनेत निघण्याची वेळ ठळक अक्षरांत असते, तिच्याखाली वळण्याची वेळही तितक्याच ठळक अक्षरांत लिहायला खडूचे दोन पैसेही जास्त पडणार नाहीत.

दादाने नव्या योजनेला आठ दिवस उत्तर दिले नाही. नवव्या दिवशी कागद परत आला. पठार गेल्याबद्दल त्याने एक शब्द लिहिला नव्हता. 'कारण विचारायचे नाही' हे शब्द मात्र खोडून वर लिहिले होते, 'कारण तंबूत गेल्यावर विचारायचे.' मला हे मान्य आहे.

आई लाडवांचा हिशेब विचारते आहे. पाच दिवसांचे की सात दिवसांचे करू, म्हणते. मी सात सांगितले आहेत. अंक दिवाळीनंतर घरोघरी जाईल, आणि आमच्या घरी तो सर्वांत आधी तीच वाचते. त्याच्या आधी मला तिला करंगळीचे सांगायचे आहे. दाराला तिने त्या वेळी रबराची पट्टी बसवून घेतली होती. ती अजून आहे.

— तृतीय वर्ष कला (भूगोल)